सत्तर अँपिअरची आत्या

आत्याला दमा झालाय हे घरात कळायच्या आधी गावाला कळलं, कारण आत्या श्वाससुद्धा लाउडस्पीकरवरून घेते.

तिचं कामच ते आहे. तिच्याकडे एक जुनी पिकअप आहे, टपावर चार दिशांना तोंड केलेले चार भोंगे आहेत, केबिनमध्ये ॲम्प्लिफायर आहे, आणि उद्या कुठल्या भागात पाणी येणार नाही हे ती एकवीस वर्षं पाणीखात्याच्या वतीने गल्लोगल्ली सांगत आली आहे. ते ती अशा आवाजात सांगायची की लोक वैतागायच्या ऐवजी गुणगुणत बादल्या भरायला जायचे.

गेल्या काही महिन्यांत मात्र त्या आवाजाच्या मागे एक शिट्टी येऊ लागली. बारीक, छातीतून आल्यासारखी. "सर्व नागरिकांना कळवण्यात येते की" शूंऽऽ "उद्या सकाळी" शूंऽऽ. शिवाय जोर दिलेला शब्द अर्धाच बाहेर पडायचा. 'पाणी' हा शब्द आत्या कायम जोर देऊन म्हणते, कारण बाकीचं वाक्य नसलं तरी चालतं, आणि नेमकी त्याचीच सुरुवात गायब व्हायची. कापडाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेटजींनी "उद्या राणी येणार नाही" असं ऐकलं. ते दिवसभर गिऱ्हाइकांना विचारत बसले की ती येणार होती कधी, आणि आपल्याला कोणी बोललं कसं नाही.

लोकांनी औषधं सुचवायला सुरुवात केली. एका बाईंनी गाडी थांबवून छातीला चोळायचं तेल खिडकीतून आत दिलं, आणि ते चोळायची पद्धत दाखवायला स्वतःही निम्म्या आत आल्या. शेवटी आत्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नळी लावून छाती ऐकली, पाठ ऐकली, परत छाती ऐकली. सगळं स्वच्छ. पण त्याच डॉक्टरांनी दवाखान्याच्या खिडकीतून तिचा दमा महिनाभर ऐकला होता. आता नळीवर विश्वास ठेवायचा की खिडकीवर, असा प्रश्न होता. त्यांनी खिडकीवर ठेवला आणि हुकूम दिला: कामाची फेरी सोडली तर एक शब्द बोलायचा नाही.

आत्या गप्प बसली तेव्हा घराला तेच झालं जे चालू फ्रीजची घरघर अचानक थांबल्यावर होतं. आधी जरा बरं वाटलं, मग सगळे उठून बघायला गेले.

ती चिठ्ठ्या लिहू लागली. तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. जेवताना आत्याने 'मिठ द्या' अशी चिठ्ठी सरकवली की ते खिशातलं लाल पेन काढायचे, 'मि'चा 'मी' करायचे, चिठ्ठी परत द्यायचे आणि मग मीठ. सहा आठवड्यांत आत्याचं शुद्धलेखन कमालीचं सुधारलं आणि संसार तितकाच बिघडला.

मी तेव्हा तिच्याकडेच राहत होते. इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा एक विषय तिसऱ्यांदा राहिला होता, त्यामुळे मला वेळच वेळ होता. आत्याने दम जपावा म्हणून गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं.

अशात एका सोमवारी पाणीखात्याच्या साहेबांचं पत्र आलं. आपल्या प्रकृतीसंदर्भात नागरिकांकडून तक्रारी तसेच काळजी प्राप्त झाली असून, शुक्रवारी सकाळच्या फेरीवेळी निम्नस्वाक्षरीकार स्वतः कार्यालयाच्या खिडकीतून श्रवण करतील. श्वसनाचा आवाज आढळल्यास फेरी कायमची बंद करून सूचना मोबाइलवर लेखी पाठवण्यात येतील. आतोबांनी पत्र लाल पेन घेऊन वाचलं. तीन चुका सापडल्या, दिलासा एकही नाही.

आत्याने चिठ्ठी लिहिली: 'मग मी काय करू?'

आतोबांनी ती घेतली आणि बराच वेळ धरून ठेवली. एकही चूक नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मंगळवारी टाकीच्या चढावर मला पत्ता लागला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत होती. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि भोंग्यांतून आत्याला जोराची धाप लागली. मी बाजूला पाहिलं. आत्या माईकचं बटण दाबून कागदावर पुढची ओळ शोधत होती, पाय पसरून, आरामात. चढ गाडी चढत होती आणि धाप आत्याला लागत होती.

मी पाय उचलला. धाप खाली आली. दाबला, वर गेली. भर चढावर मी हे चार वेळा केलं. आत्याने मांडीवरच चिठ्ठी लिहिली: 'गाडी नीट चालव.' 'नीट'मधला 'नी' दीर्घ होता. पूर्वी नसता.

वर सपाटीला मी गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि तिला सांगितलं, माईकचं बटण दाबून ठेव आणि श्वास रोख. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझा विषय का राहतो हे तिला आत्ता समजलं. पण रोखला. दुसऱ्या हाताने नाकसुद्धा धरलं. गाल फुगवून, डोळे वटारून ती बसली, आणि बाहेर गल्लीभर तिचा दमा निवांत चालू राहिला. मी ॲक्सिलरेटर दाबत गेले. शिट्टी अशी चढत गेली की पहिल्या मजल्यावरच्या एक बाई गॅलरीत आल्या आणि ओरडून म्हणाल्या, त्यांना आडवं करा, पाय उंच घ्या. मी इंजिन बंद केलं. ॲम्प्लिफायर बॅटरीवर चालूच होता, माईकही. दमा मात्र थांबला.

आत्याने नाक सोडलं.

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली. सहा आठवड्यांत माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य, आणि ते चार भोंग्यांतून गेलं.

"तू नाहीस. गाडी."

"म्हणजे त्या माणसाचं शुद्धलेखन मी सहा आठवडे सोसलं ते गाडीपायी?"

हेही भोंग्यांतून गेलं. गॅलरीतल्या बाई हळूच आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मला वाटलं, आता ती घरी जाऊन बोलत सुटणार. पण तिने माईक ठेवला आणि परत पेन्सिल उचलली. शुक्रवारपर्यंत चिठ्ठ्याच, असं तिने लिहिलं. आत इतकं साठलंय की एकदा सुरू झालं तर खरोखरच घसा बसेल आणि साहेबांचं म्हणणं खरं होईल. मग खाली ओळ मारून लिहिलं: 'गाडीला बरं कर.'

गावात जुन्या गाड्यांची वायरिंग बघणारा माणूस एकच, अर्थिंगकाका. खरं नाव कोणाला माहीत नाही. कुठलीही गाडी नेली तरी बॉनेट उघडायच्या आधी ते म्हणतात, अर्थिंग. दिवे मंद झाले, अर्थिंग. हॉर्न वाजत नाही, अर्थिंग. त्यांची सून रागावून माहेरी गेली तेव्हाही म्हणे त्यांनी बराच विचार करून हेच कारण सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो. पत्र्याची शेड, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली वायरींची वेटोळी, खाली ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या, जणू नंबर लावून बसलेले पेशंट. आतोबा दाराशीच थांबले. वर पाटी होती: 'येथे सर्व प्रकारची वायरींग करुन मीळेल.' ते आत येईनात. तब्येत बरी नाही का, असं काकांनी विचारलं, तर आतोबांनी खडू आणि स्टूल मागितलं.

काकांनी शिट्टी ऐकली, मान हलवली आणि म्हणाले, "अर्थिंग."

इंजिनापासून गाडीच्या चासीला गेलेली पट्टी त्यांनी सोडवली, पॉलिश पेपरने घासली, चकचकीत करून परत कसली. इंजिन सुरू केलं. शूंऽऽ. काकांच्या चेहऱ्यावर एक ढग येऊन गेला. मग त्यांनी कपाटातून काट्याचा मीटर काढला, जसा म्हातारे लोक पेटीतून चांगला सदरा काढतात.

अल्टरनेटर म्हणजे काय हे त्यांनी आत्याला समजावलं, आणि माझ्याकडे बघत समजावलं, म्हणजे माझा विषय त्यांच्याही कानावर गेला होता. इंजिन फिरलं की पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो, वीज करतो, गाडी ती वापरते, उरेल ती बॅटरीत जाते. बॅटरी फक्त गाडी सुरू करून देते, पुढचा संसार अल्टरनेटरचा. तो धड असेल तर इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसतात. इथे साडेबारा होते. हेडलाइट लावले, ॲम्प्लिफायर लावला, काटा बारावर. मग काकांनी आत्याला माईकवर 'पाणी' म्हणायला सांगितलं.

आत्या म्हणाली. 'पा'वर काटा अकराच्या खाली पडला आणि 'णी'वर धडपडत उठला. काकांनी तिला तीनदा म्हणायला लावलं. तिन्ही वेळा काटा त्याच जागी ठेच खाऊन पडला. राणी कुठून येत होती ते कळलं.

पट्टा त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला, तो ताठ होता. मग मीटरचं बटण फिरवून एसीवर, म्हणजे उलटसुलट विजेवर नेलं. अल्टरनेटरच्या पोटात वीज उलटसुलट तयार होते, तिला एकाच दिशेने सोडायला आत डायोड बसवलेले असतात, एकेरी रस्त्यावरच्या पोलिसांसारखे. एखादा झोपला की उलटी वीज घुसते आणि भोंग्यातून शिट्टी घालत जाते. इंजिन जोरात तर शिट्टी जोरात. बॅटरीवर एसी जवळपास शून्य हवा.

"बाई," काका काट्याकडे बघत म्हणाले, "तुमचा दमा पाऊण व्होल्ट आहे."

आत्याने चिठ्ठी पुढे केली: 'डॉक्टरांसाठी लिहून द्या.' काकांनी बॅटरीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर लिहून दिलं आणि खाली शिक्कासुद्धा मारला.

नुसता डायोड बदलून भागलं असतं का? काकांनी बोटं मोजली. ॲम्प्लिफायर पंचवीस अँपिअर ओढतो, हेडलाइट दहा, वर पंखा, वायपर, टपावरचा पिवळा दिवा, पंचेचाळीसच्या घरात. आणि अल्टरनेटर पस्तीसचा. ही गाडी जन्माला आली तेव्हा तिला दोन दिवे आणि एक वायपर सांभाळायचा होता, डोक्यावर आत्या बसणार आहे असं कोणी तिला सांगितलं नव्हतं. डायोड आज बदला, वर्षभरात दुसरा झोपेल. सत्तर अँपिअरचा टाकू या, काका म्हणाले, आणि ते 'सत्तर' त्यांनी असं उच्चारलं की बाहेर स्टुलावर आतोबांनी खडू थांबवला.

सत्तरचा अल्टरनेटर आम्हाला गुरुवारी सकाळी भंगारात मिळाला, एका जुन्या रुग्णवाहिकेच्या पोटात. भंगारवाला म्हणाला, याने शेकडो माणसांचे प्राण वाचवलेत. काका म्हणाले, याने फक्त सायरन वाजवलाय, पण आपल्याला नेमका तोच अनुभव हवाय. हाताने फिरवून बेअरिंग कान लावून ऐकलं, शेडमध्ये आणून आतले कार्बनचे ब्रश नवे घातले आणि कामाला लागले.

नवा अल्टरनेटर अंगाने जाड होता. त्याचे बोल्टचे कान जुन्या ब्रॅकेटात बसेनात. एका बाजूला दोन वॉशर घातले, मग लोखंडी पट्टी लावून पट्ट्याच्या दोन्ही पुली एका रेषेत आहेत ना ते पाहिलं. एक वॉशर काढला. परत पाहिलं. परत घातला. पट्टा इंचभर लांब लागला. जुनी वायर पेन्सिलीच्या शिशाएवढी होती, तिच्यातून सत्तर अँपिअर पाठवले असते तर शुक्रवारी साहेबांना शिट्टीऐवजी धूर दिसला असता. तिच्या जागी करंगळीएवढी जाड केबल टाकली, मध्ये मोठा फ्यूज बसवला. मी पाने द्यायचं काम केलं. दर वेळी चुकीचा पाना दिला, पण लगेच दिला. दुपार कलायच्या आत सगळं कसून झालं. काकांनी एक छोटा मीटरही डॅशबोर्डवर बसवून दिला, म्हणजे आत्याला तिची प्रकृती बसल्या जागी दिसेल.

इंजिन सुरू केलं. शिट्टी नाही. आत्याने माझा दंड घट्ट धरला.

मग काकांनी मीटर पाहिला. सव्वाबारा. शिट्टी नव्हती कारण वीजच नव्हती. रुग्णवाहिकेतला हा अनुभवी माणूस छान गोल गोल फिरत होता आणि काहीही करत नव्हता.

पट्टा पाहिला, बरोबर. केबल बरोबर, फ्यूज बरोबर. शेवटी काका वाकले आणि ती चकचकीत पट्टी तपासून सरळ झाले. "अर्थिंग उत्तम आहे," ते म्हणाले, आणि खाली बसले. जन्मभर ज्यावर भार टाकला ते बरोबर निघालं आणि त्याचाच उपयोग झाला नाही.

आत्याने त्यांच्यासमोर चिठ्ठी धरली. फक्त 'उद्या' लिहिलं होतं.

काका उठले, केबिनमध्ये बसले आणि इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली. डॅशबोर्डवर तेलाचा दिवा लागला, ब्रेकचा लागला. ते बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा कुठाय? चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे. काचेची चौकट सोडवून त्यांनी मागे बोट घातलं. बल्बची जागा रिकामी होती.

"तो मी दुरुस्त केला," बाहेरून स्टुलावरून आवाज आला.

आतोबा खाली उतरले. हात खडूने पांढरे होते. पाटीवर आता 'करून' बरोबर झालं होतं आणि 'मिळेल' चाललं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की आठ महिन्यांपूर्वी तो दिवा गाडी चालू असतानाही मंद लाल दिसायला लागला. सगळं पान स्वच्छ आणि मध्येच एक लाल खूण. आत्याचं लक्ष वाचनावरून उडत होतं. म्हणून त्यांनी एका रविवारी चिमट्याने तो बल्ब काढला. तेव्हापासून खूण दिसली नाही. आपण काम चोख केलं असं त्यांना आजपर्यंत वाटत होतं.

काकांनी कपाळावर हात मारला नाही, कारण हाताला ग्रीस होतं. ते म्हणाले, तो मंद दिवा म्हणजे डायोडची पहिली तक्रार. आणि दुसरं म्हणजे, तो दिवा नुसता तक्रार करत नाही. चावी फिरवली की त्याच्यातून चिमूटभर वीज अल्टरनेटरकडे जाते, तीच त्याला उठवते. जुना सवयीने उठायचा, गाडी जरा पळवली की. हा इस्पितळातला आहे. हाक आल्याशिवाय उठणार नाही.

आत्याने चिठ्ठी काढली, दोन शब्द लिहिले, चुरगळली. दुसरी घेतली, तीही चुरगळली. मग पेन्सिल कानावर खोचून ती तोंडाने बोलली.

"अहो, लोक दिवे लावतात. तुम्ही काढलात."

आतोबांनी चष्म्याचं घर उघडलं. कापसात गुंडाळलेला, शेंगदाण्याएवढा बल्ब आत होता. काढलेलं काही फेकायचं नाही, ही त्यांची छापखान्यातली सवय. त्यांनी तो काकांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले की चूक त्यांचीच आहे. हे वाक्य त्यांच्या तोंडून घरात कोणी ऐकलेलं नव्हतं, पाठ केल्यासारखं आलं, पण आलं. आत्याने त्यांच्या खिशातलं लाल पेन घेतलं, त्यांचा खडूचा हात उलटा केला आणि तळव्यावर एक छोटं टोक काढलं. मुद्रितात राहून गेलेला शब्द परत घालायचा असतो तिथे करतात ती खूण.

बल्ब बसला. चावी फिरवली, लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला, आणि मीटरचा काटा उठून चौदाच्या जरा पुढे जाऊन उभा राहिला. हेडलाइट लावले, पंखा लावला, वायपर लावले, पिवळा दिवा लावला. काटा केसभर हलला. काकांनी माईक आत्यापुढे केला.

"पाणी," आत्या म्हणाली.

काटा जागचा हलला नाही. शेडच्या पत्र्यावर बसलेली सगळी कबुतरं मात्र उडाली.

शुक्रवारी सकाळी मी गाडी काढली. आत्या बाजूला, कागद मांडीवर, छोटा मीटर तिच्या डोळ्यांसमोर. आवाज असा निघाला की माझ्याच हातावर काटा आला. शिट्टी नाही, खरखर नाही, प्रत्येक अक्षर धुऊन वाळवल्यासारखं. पहिल्या गल्लीत लोक खिडकीत आले. दुसऱ्या गल्लीत बाहेर आले. तिसऱ्या गल्लीत दोन बायका डोळे पुसत होत्या, आणि मला वाटलं आनंदाने.

कापडाच्या दुकानापाशी शेटजी पायरी उतरून गाडीजवळ आले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात धरली होती.

"आधीच्या बाई गेल्या का हो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मीच आहे ती," आत्या म्हणाली.

"त्यांचं काम पुढे चालवताय, हे फार चांगलं केलंत," शेटजी म्हणाले आणि दुकानात परत गेले.

आठ महिन्यांत गावाने त्या शिट्टीलाच आत्या मानलं होतं. शिट्टी गेली म्हणजे आत्या गेली.

पाणीखात्याच्या कार्यालयाखाली आम्ही पोचलो तेव्हा साहेब वरच्या खिडकीत उभे होते, कानामागे हात धरून. आत्याने एक श्वास घेतला, जो कोणालाही ऐकू आला नाही, आणि सूचना वाचली. उद्या शनिवारी सकाळी मुख्य टाकीच्या दुरुस्तीमुळे संपूर्ण गावाचा पाणीपुरवठा बंद राहील. एकही अक्षर अडखळलं नाही. साहेब खिडकीतून नाहीसे झाले आणि थोड्या वेळाने फाइल घेऊन रस्त्यावर आले.

ते म्हणाले, हा आवाज नेहमीच्या बाईंचा नाही. आठ महिने आपण लक्ष देऊन ऐकलंय. नियमात स्पष्ट आहे, टेप चालणार नाही आणि बदली माणूस चालणार नाही. साहेब माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच वाटत होतं की एका आजारी बाईचं नाव कोणीतरी वापरतंय. मी डायोडचं सांगायला लागले तर म्हणाले, तांत्रिक शब्द वापरून दिशाभूल करू नका. त्यांनी वाकून सीटखाली टेप शोधला. तेलाची बाटली सापडली. ती त्यांनी पुरावा म्हणून फाइलवर ठेवली. मग सरळ होऊन आत्याला म्हणाले,

"आवाज तुमचाच असेल तर कागदावर नसलेलं काहीतरी बोला. माईकवर."

सहा आठवडे चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाईला साहेबांनी हे स्वतःहून सांगितलं. लेखी नाही, पण साक्षीला निम्मा रस्ता होता.

आत्याने कागदाची नीट घडी घातली आणि सुरुवात केली मिठापासून. मग 'मीठ' दीर्घ का हे तिने गावाला समजावलं. तिथून ती डॉक्टरांच्या खिडकीवर गेली, तिथून तेल देणाऱ्या बाईंवर, तेल चांगलं होतं पण ब्लाउजवरचा डाग अजून निघत नाहीये. शेटजींसाठी खास सूचना झाली: राणी नाही, पाणी, आणि मी गेलेली नाही, मी गाडीत बसलेय, दुकान बंद ठेवू नका. चौथ्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा पाइप दोन वर्षं गळतोय आणि तिथे आता बदक राहायला आलंय, हे तिने खात्याच्या कानावर घातलं. आठ महिने आतोबांनी दमा चष्म्याच्या घरात ठेवला होता, हे सांगितलं तेव्हा हसू एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलं आणि लांबून परत आलं. लोक दुकानं सोडून आले. डॉक्टर पेशंटसकट आले. मी काट्याकडे बघत होते. चौदा. तो तर तिला अडवणार नव्हताच.

दहा मिनिटांनी साहेबांनी हात वर केला. आत्याला वाटलं दाद देतायत. पंधरा मिनिटांनी त्यांनी दोन्ही हात वर केले. शेवटी तिला थांबवायला ते दार उघडून केबिनमध्येच चढले, आम्हा दोघींच्या मध्ये बसले, आणि आत्याने माईक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"आता साहेब गाडीत आलेच आहेत, तर विचारून घेते," ती म्हणाली. "साहेब, उद्या सकाळी पाणी बंद. मग येणार कधी?"

साहेबांनी आवंढा गिळला. तो सत्तर अँपिअरवर गिळला, त्यामुळे टाकीपर्यंत ऐकू गेला.

"येईल," ते म्हणाले.

"कधी?"

"संध्याकाळी."

"किती वाजता?"

"सहा."

रस्त्यावर असा गलका झाला की साहेब स्वतःच दचकले. पाणीखात्यातल्या माणसाने आकडा सांगितलेला गावाने कधी ऐकला नव्हता. वर कार्यालयाच्या सगळ्या खिडक्यांत त्यांचा स्टाफ लटकला होता आणि एकमेकांना विचारत होता, सहा कोणी ठरवले. साहेबांनी मला हळूच विचारलं, हे सगळीकडे ऐकू गेलं का. हा प्रश्नही गेला.

"आणि फेरीचं काय," आत्याने विचारलं, आणि आता तिचा आवाज जरासा हलला, मीटरवर न दिसण्याइतका. "चालू की बंद?"

साहेबांनी फाइल उघडली, बंद केली. तेलाच्या बाटलीकडे पाहिलं. समोर टोपी हातात धरून शेटजी उभे होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता, कारण गेलेली बाई परत आलीय हे आता त्यांच्या ध्यानात येत होतं.

"चालू," साहेब म्हणाले. "बाई, तुम्ही बंद होणार तरी कशा?"

आत्या हसली. ते हसणं चारही दिशांना गेलं आणि रस्ता टाळ्या वाजवू लागला. आतोबाही गर्दीत कुठेतरी होते. मला फक्त वर केलेला एक हात दिसला, तळव्यावर लाल टोक असलेला.

साहेबांनी बाटली परत सीटखाली सारली, खाली उतरले, घड्याळ पाहिलं, मग टाकीकडे पाहिलं. आणि त्या दिशेने निघाले. कोपऱ्यापर्यंत चालत, तिथून पुढे पळत.